मालवणीत बोललेली लॅब

मालवणला लोक मासे खायला जातात, समुद्रात डुंबायला जातात. मी गेलो लिनक्स शिकवायला, आणि परत आलो तो अजून धुमसतोय. ट्रिप फेब्रुवारीतली, लिहायला जून उजाडला. तरी तिकडे जाणाऱ्यांसाठी वाटेची माहिती देतो, कारण त्यात रस्त्याचा काही दोष नाही.

गावडे सर मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संगणक शिकवत. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लॅबमधले संगणक मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून दिलेले, जुने. त्यातली विंडोज चोरीची, व्हायरस मात्र अस्सल. निम्मी मशीन्स सुरूच होत नव्हती. जूनपर्यंत लॅब धड चालली नाही तर संगणकाचा वर्ग बंद करू, असं संस्थेने सरांना बजावलं होतं. वर्ग बंद म्हणजे सरही घरी. विंडोजच्या जागी लिनक्स घालता येतं, ते फुकट मिळतं, जुन्या मशीनवर चालतं आणि कोणालाही हवं तसं बदलता येतं, हे त्यांनी माझ्या ब्लॉगवर वाचलं आणि फोन केला. मी रजा टाकली, सीडी भरल्या आणि निघालो.

पुण्याहून एसटीने कोल्हापूर, तिथून गगनबावड्यावरून मालवणची गाडी. घाटात खिडकी सोडू नका आणि त्याआधी पोटभर मिसळ खाऊ नका, मी दोन्हीकडे चुकलो. घाट उतरला की शर्ट पाठीला चिकटायला लागतो आणि आंब्याच्या कलमांच्या मोहोराचा वास येतो. मालवणात बंदराच्या मागे साडेतीनशेत खोली मिळाली. पंखा फिरत होता, एवढंच त्याचं कौतुक. जेवणासाठी झगमगीत पाट्यांच्या नादी लागू नका, घरगुती खानावळ शोधा. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीचं ताट चाळीस रुपयांत, सोलकढी मागाल तेवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज. दुपारपर्यंत एक सोडून सगळी मशीन्स लिनक्सवर सुरू झाली. गावडे सर प्रत्येक मशीनपाशी जाऊन पडद्याला हात लावून बघत होते. मुलं आधी बिचकली, मग जी सुटली ती सुटलीच. मेनू मराठीत येतात हे दाखवल्यावर शेवटच्या वर्षाची वैशाली पुढे आली. तिचे वडील होडीवर जातात, आई बाजारात मासे विकते. मेनूतली वाक्यं साध्या फाइलीत असतात आणि ती बदलता येतात, हे मी सांगितलं होतं. ते तिला पटत नव्हतं.

"सर, ह्या बदलूचा तर कोणाक इचारूचा लागता?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं.

मग ती आणि तिच्या मैत्रिणी जेवायलाही उठल्या नाहीत. संध्याकाळी एका मशीनवर 'फाइल सापडली नाही'च्या जागी 'फाइल खंयच गावाक नाय' आलं. काही पुसायला गेलं की विचारायचं, 'पुसू काय? मगे बोंब मारू नको'. बंद करताना 'येतंय हां'. अख्खी लॅब हसत होती, आणि ते हसू फार चांगलं होतं. गावडे सर म्हणाले, उद्या अध्यक्ष येणार आहेत, त्यांना हेच दाखवू. रात्रीत सगळ्या मशीन्सवर तेच बसवायचं ठरलं. मी पडद्याचा एक फोटो काढला.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबासाहेब. मुंबईत नोकरी करून निवृत्त झाले आणि गावी परतले. संगणकांची वर्गणीही त्यांनीच गोळा केलेली. आले तेव्हा व्हरांड्यात शिपायाला विचारत होते, आज बांगडो कसो इलो म्हणून. लॅबचा उंबरा ओलांडला आणि त्यांची भाषा बदलली. नमस्कार, प्रवास कसा झाला, सगळं छापील मराठीत. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

वैशालीने त्यांना खुर्ची दिली, एक फाइल पुसायला सांगितली. पडद्यावरचं वाक्य त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. कोणी हसलं नाही.

"आपण पुण्याहून आलात," ते मला म्हणाले. "आमची मुलं कशी बोलतात याची गंमत करायला आलात का?"

"आमी केला, सर," वैशाली म्हणाली.

ते तिच्याकडे वळले. आवाज चढला नाही. "मुंबईत माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' निघालं की अख्खं ऑफिस हसायचं. मी घरी आरशासमोर बोलून बोलून जीभ सुधारली. तुम्हाला नोकऱ्या करायच्या आहेत ना? मग हे कॉलेजात नको."

मी घाईघाईने सांगितलं की हा नुसता मेनू आहे, शुद्ध मराठी किंवा इंग्रजी एका क्लिकवर येईल, मशीन्स चालताहेत ते तर बघा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, फुकट मिळणाऱ्या वस्तूचं हे असंच असतं, ज्याला वाटेल तो त्यात हात घालतो. सगळं पूर्वीसारखं करा, विंडोजच घाला. गावडे सर "होय साहेब" म्हणाले. मला त्यांचाही संताप आला, पण नोकरी त्यांची होती, माझी नव्हती.

वैशालीला दोन शब्द बोलावेत म्हणून वळलो तर ती मशीन बंद करत होती. 'येतंय हां' पडद्यावर आलं तसा तिने हाताने पडदा झाकला.

गाडीला वेळ होता म्हणून रिक्षाने तारकर्लीला गेलो. वाळू पांढरी, पाणी नितळ, सगळे सांगतात तसंच. मला काही दिसलं नाही.

मे महिन्यात गावडे सरांचा फोन आला. विंडोज परत घातल्यावर पंधरा दिवसांत मशीन्स पुन्हा बसली. जूनपासून वर्ग बंद, त्यांचे तासही गेले. वैशालीचं काय, विचारलं. पदवी मिळेल, म्हणाले, पण लॅबचं नाव काढलं की ती उठून जाते.

तो फोन ठेवला आणि रागारागाने ऑफिसच्या कँटीनमध्ये मित्रांना लॅपटॉपवरचा तो फोटो दाखवला. किती मोठी गोष्ट त्या मुलींनी केली आणि ती कशी पुसून टाकली गेली, हे मला सांगायचं होतं. सांगायची वेळच आली नाही. एकाने 'मगे बोंब मारू नको' नाकात हेल काढून वाचलं, दुसऱ्याने विचारलं की हा कॉम्प्युटर मासेपण विकतो का, आणि टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. मला पाठव, मला पाठव, सुरू झालं.

आबासाहेबांवरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण ते खोटं बोलले नव्हते. खाली बंदराचे फोटो लावले आहेत, तारकर्लीचे आहेत, बांगड्याच्या ताटाचाही आहे. त्या पडद्याचा फोटो मी कोणालाही पाठवलेला नाही, इथेही लावणार नाही.