बाबांनी लाल सिग्नल तोडला...

रविवारी सकाळी बाबांनी लाल सिग्नल तोडला.

खरा नाही हो, गेममधला. मी मारतहळ्ळीत, बाबा येलहंकात, एकाच शहराच्या दोन टोकांना. ट्रॅफिकला कंटाळून आम्ही बापलेक रविवारी कॉम्प्युटरवरच भेटतो, ट्रक चालवायच्या एका गेममध्ये. दोघांचे ट्रक एकामागे एक, कानात हेडफोन, आणि मनसोक्त गप्पा.

बाबांचा डेस्कटॉप जुना. नवी सिस्टिम त्यावर चालेना, पण मशीन फेकायला या रिटायर्ड सरकारी इंजिनिअरने साफ नकार दिला आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. मी हसले होते... लिनक्सवर कोण गेम खेळतं! पण आता बहुतेक गेम एका क्लिकवर सुरू होतात, आणि हे ज्ञान बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला पाजत असतात.

असे हे बाबा. गेममधल्या रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देणारे. त्यांनी सिग्नल तोडला, मग त्यांचा ट्रक हळूहळू डावीकडे सरकत जाऊन कठड्याला टेकला.

"बाबा?" मी विचारलं. "हं... ते... हे नाही का..." एवढंच आलं. नंतर तेही नाही.

मी त्यांच्या मोबाईलवर फोन लावला. रिंग मला माझ्या हेडफोनमधूनच ऐकू आली... फोन त्यांच्या माईकशेजारीच वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. आई गेल्यापासून त्या घरात ते एकटेच असतात.

शेजारच्या पद्माअक्कांकडे किल्ली असते. त्यांना फोन केला, घाबरून कन्नडमध्ये काय बोलले देव जाणे. त्या निघाल्या... आणि मी एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हेडफोन धरून बसले. बाबांचा श्वास ऐकू येतो का म्हणून स्वतःचा रोखून धरला. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी येत होती.

मग दार उघडल्याचा आवाज. "राव अंकल! अय्यो, एन् आयतु?" काय झालं म्हणून अक्का ओरडल्या. बाबा घामाने भिजलेत, डोळे अर्धे उघडे आहेत, हे त्यांनी सांगताच मला बाबांचा डायबेटिस आठवला आणि मी किंचाळले, "अक्का, सक्करे कोडी! साखर द्या!"

चमच्या-चमच्याने साखरपाणी पोटात गेलं, तसे बाबा हळूहळू बोलू लागले. मी तिकडे पोचेपर्यंत डॉक्टरही येऊन गेले होते. शुगर एकदम उतरली होती.

कारण ऐकून रडू की ओरडू कळेना. लिनक्सवर अपडेट आलं की गेम आधी ग्राफिक्स तयार करत बसतो, स्क्रीनवर टक्के सरकत राहतात. बाबांनी इन्सुलिन घेतलं, "एवढं होऊ दे, मग खाऊ" म्हणत टक्के बघत बसले... आणि शंभर झाल्या झाल्या खेळायलाच लागले. नाश्ता राहिला तो राहिलाच.

हेच ते नुसतेच एकटे बसले असते तर?  ज्याला हसले होते त्या लिनक्सला मनापासून हात जोडले. त्याच्यामुळे निदान मी तिथे होते.

आता नियम एकच. बाबांनी माईकसमोर बसून खायचं, मगच ट्रक हलणार. कुरुम कुरुम चावण्याचा तो आवाज थेट कानात येतो... पूर्वी मला अजिबात सहन व्हायचा नाही. आता ताट संपेपर्यंत ऐकत बसते.