भाव कधीपासूनचा

"तिला काय विचारताय आबा? ती कुणाशी बोलत न्हाय," दिवाणजी काउंटरवरून म्हणाले. "कॉम्पुटर मातर खोटं बोलत न्हाय."

इंदापूरच्या त्या पाइपांच्या दुकानात बिलांचा प्रोग्राम मी नुकताच बसवला होता. रोज बारामतीहून एसटीने यायचे, दुपारचा डबा पडद्याकडे तोंड करून खायचे. माझी इंग्रजी शाळेतली मराठी ऐकून दिवाणजी एकदा हसले होते. तेव्हापासून मी मान हलवूनच भागवत होते.

लासुर्ण्याचे आबा उरलेले पाच पाइप परत घेऊन आले होते. रीतच तशी होती. लाइन टाकताना कमी पडू नयेत म्हणून थोडे जास्त न्यायचे आणि उरतील ते नेलेल्या भावानेच परत करायचे. त्यांचं बिल शेताच्या चारीतल्या पाण्यात भिजून गेलं होतं. कॉम्प्युटर आल्यापासून दिवाणजींनी कार्बनची प्रत ठेवणं सोडलं होतं. म्हणून मी तेच बिल पुन्हा छापलं. भाव आबा सांगत होते त्याहून कमी निघाला.

"पाच पायपांपायी ह्या वयात असली लबाडी व्हय आबा?" दिवाणजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "इतकी वर्सं हितंच येतोय," एवढंच बोलून ते उठले.

मला कळलं होतं. प्रोग्राममधल्या मालाच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, नावापुढे मी भावाला एकच जागा दिली होती आणि प्रत्येक बिल तिथूनच भाव उचलायचं. एकच गोष्ट दोनदा लिहू नये, असं कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवलं होतं. पाइपाची जाडी बदलत नाही तसाच त्याचा भावही, असं मी धरून चालले. भाव उतरला तेव्हा जुन्यावर नवा टाइप केला आणि मागची सगळी बिलंही आपोआप नव्या भावाची झाली. भावाला वेगळं टेबल हवं होतं: कोणता माल, काय भाव, कधीपासून.

गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. टेबल म्हणजे काय हे समजणारंही तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आबा ट्रॅक्टरपाशी पोचले होते. मी दारापर्यंत गेले. आवाज निघाला तो हवा त्याहून मोठा.

"आबा, थांबा. तुमचा भाव बरोबर आहे. तो मी पुसला."