धवल्यांची डिस्क

श्वेताचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. "काकी, बाबा उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसती घरघर ऐकू येत राहिली. ती घरघर त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची, हे मला न सांगता कळलं. मी बदलापूरला त्यांच्या घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. प्रदीपभावजी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते आणि मशीन अजून चालू होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. अंबरनाथच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात उमेदीची सगळी वर्षं काढली. माणसांत अबोल, मशीनपाशी बडबडे. मी त्यांना चिडवायचे, की मीनाशी लग्नाआधी बोलायचं होतं तेव्हा तिच्या कपाळावर एखादी तार जोडून घेतली असणार. यावर ते हसायचे आणि मीनाकडे बघायचे. मीना तोंडाची फटकळ, आवाजाची गोड. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण भावजी तिच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत.

आम्ही आगरी. आमच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत धवलारीण लागते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. मीनाची आई हिराबाई बदलापूरच्या पलीकडच्या गावातली नावाजलेली धवलारीण. तिचे धवले कुठे लिहिलेले नव्हते, आणि तिच्यामागे गाणारी कोणी तयार झाली नव्हती. श्वेता शाळेत असताना मीनाने हट्ट धरला की आईचे धवले कॉम्प्युटरवर घ्यायचे. म्हातारी ऐकेना. "लगीन नसताना धवला गायाचा नसतं," एवढंच म्हणायची. शेवटी नातीसाठी म्हणून कबूल झाली, पण अटीवर. "माझे नातीचे हलदीलाच लावायचा. त्याचे आधी कोनी ऐकायचा नाय, कोनाला द्यायचा नाय." गाणी घेतली त्या दुपारी मी तिथेच होते. हिराबाई डोळे मिटून गात होती, मधेच मीना "आये, पुढचं?" असं विचारत होती, आणि भावजी श्वास रोखून मशीनपाशी बसले होते.

इथे त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. धवले त्यांनी वेगळ्या डिस्कवर ठेवले, आणि ती डिस्क वेगळ्या कार्डाला, म्हणजे डिस्क आणि मशीन यांना जोडणाऱ्या पट्टीला, जोडली. कारखान्याने भंगारात काढलेलं ते कार्ड होतं. दुसरी प्रत काढली नाही, कारण सासूला शब्द दिला होता. नीट रेकॉर्ड झाली आहेत का बघायला म्हणूनसुद्धा ती गाणी त्यांनी कधी वाजवली नाहीत. शिवाय चुकून कोणाच्या हाताने उघडली जाऊ नयेत म्हणून कुलूप घातलं. ते कुलूप काय, हे त्यांनी मला माझ्या भाषेत समजावलं. मी शाळेत शिक्षिका होते. "वहिनी, तुम्ही वर्गात गेल्या गेल्या हजेरी घेता ना? मशीन सुरू झालं की आतली प्रणाली तेच करते. प्रत्येक कार्डाला विचारते, तू कोण, तुझ्या मागे कोणती डिस्क आहे? जे 'हजर' म्हणेल त्याला कामाला लावते. मी तिला सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, या कार्डाचं नाव घ्यायचंच नाही."

"म्हणजे पोर वर्गात बसलंय आणि बाई त्याला हाक मारत नाहीत," मी म्हटलं.

"बरोबर. श्वेताच्या हळदीच्या वेळी मारू."

त्यानंतर हिराबाई गेली. मग आजारपणात मीना गेली. मीना गेल्यावर मी एकदा म्हटलं होतं, भावजी, एकदा ऐका, तिचा आवाज आहे त्यात. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पुढे राग गेला, उलट वाटायला लागलं की बरंच आहे, या घरात अजून काहीतरी राखून ठेवलेलं आहे. त्यांनाही तसंच वाटत असावं. मशीन सुरू करताना पडद्यावर ओळी सरकायच्या, त्यात त्या कार्डापुढे 'बंद' अशा अर्थाची एक ओळ यायची, आणि ती आली की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा.

यंदा श्वेताचं लग्न ठरलं. भावजींनी ते कुलूप काढलं. मशीन सुरू केलं, प्रणालीने कार्डाला हाक मारली, कार्डाने ओ दिली. मग तिने डिस्कला विचारलं... उत्तर नाही. ती थांबली, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली, आणि मग तिने आपणहून ती जागा बंद करून टाकली आणि पुढे गेली. "आधी मी बंद ठेवत होतो वहिनी, आता तीच ठेवते," भावजी मला फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

दोष कार्डाचा असेल, ही एक आशा होती. तसलं कार्ड आता कुठे मिळणार? उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जुन्या सामानाच्या दुकानांतून ते हिंडले, एकदा मीही बरोबर गेले. एका सिंधी दुकानदाराने खोकं उपसून उपसून तसंच कार्ड काढून दिलं. "साईं, ये तो अब म्यूज़ियम का माल है," तो म्हणाला, आणि आम्ही बरोबर नेलेल्या मशीनला तिथेच जोडूनही दिलं. कार्ड ओळखलं गेलं, डिस्क नाही. त्याच्याच ओळखीच्या माणसाने डिस्क उघडली. आतल्या चकचकीत तबकडीवर गोल ओरखडे पडले होते आणि कडेला काळी भुकटी साचली होती. "इसमें कुछ नहीं बचा, अंकल," तो माणूस हळूच म्हणाला. परत येताना भावजी एवढंच बोलले, "नाव घेत नव्हतो, पण वीज तर मिळत होती तिला. रोज मशीनबरोबर फिरत राहिली, झिजत राहिली. मला कळायला हवं होतं." मग म्हणाले, "श्वेताला सांगू नका."

डिस्क त्यांनी आणून होती तिथेच बसवली. रोज सकाळी मशीन सुरू करायचे. डिस्कला विचारणारी ओळ आली की हात मशीनच्या डब्यावर ठेवून बसायचे, ती पुढे सरकेपर्यंत. त्यातच एका सकाळी ते गेले.

लग्न आता साधेपणाने करायचं ठरलं आहे. परवा श्वेताने विचारलं, "काकी, तुला एक तरी धवला येतो का गं?" मला चाल आठवते, अर्धीमुर्धी. शब्द नाहीत. गावात विचारून आले. म्हाताऱ्या बायका दोन ओळी म्हणतात आणि मग एकमेकींकडे बघत राहतात. तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला कॅम्प दोनचं, ओरखड्यांचं, भुकटीचं सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे काकी. पडद्यावर रोज तेच येत होतं, मी वाचत होते. बाबांना वाटायचं मला कळत नाही, म्हणून मीही बोलले नाही."

मग तिने मशीन सुरू केलं. पंखा घरघरला, ओळी सरकल्या, त्या जागी येऊन थांबल्या. श्वेताने हात डब्यावर ठेवला, अगदी भावजी ठेवायचे तसाच, आणि तिच्या हाताशेजारी मी माझा ठेवला. आतून हलकं टकटक ऐकू येत होतं. प्रणालीने विचारलं, वाट पाहिली, पुन्हा विचारलं. मग ती जागा बंद झाल्याची ओळ आली, आणि त्या डिस्कवाचून मशीन नीट सुरू झालं.