यादीतला खडशी मासा

एमएस्सीला माझा प्रकल्प होता सांगलीजवळच्या कृष्णेतल्या माशांवर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून काम चोख करायचं ठरवलं. वर्षभर दर रविवारी सकाळी घाटावर गेले. एक म्हातारे भोई जाळं ओढायचे. मी त्यांना मामा म्हणायचे. मी चिखलात बसून मासे मोजायचे, कल्ले उघडून बघायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. साखर कारखान्याची मळी नदीत सुटली की असा वास यायचा, की डबा उघडायचीसुद्धा किळस यायची. जाळ्यात येऊन जाऊन चिलापी, मांगूर, मरळ. मांगूर आणि मरळ वर येऊन हवा घेतात, म्हणून पाणी नासलं तरी तगतात. उत्क्रांतीच्या तासाला फळ्यावर शिकलेलं इथं घाणीत डोळ्यांनी दिसत होतं. सापडलेल्या माशांची माझी यादी आखूड होती, पण नदीचं खरं दुखणं त्या आखूडपणातच होतं.

सरांनी ती बघितली आणि कपाटातून एक जुना प्रबंध काढून पुढं टाकला. दोन पानं भरून मासे. त्याच्या आधीच्या वर्षाचा काढून बघितला, तर तेच मासे, त्याच क्रमानं, स्पेलिंगच्या त्याच चुकांसकट. आमच्या विभागात यादी अशीच चालत आलेली. दरवर्षी पहिल्या पानावरचं नाव तेवढं बदलायचं.

"परीक्षक यादीची लांबी बघतात," सर म्हणाले. "फर्स्ट क्लास पाहिजे ना?"

पाहिजे होता. वडिलांनी गावभर आधीच सांगून ठेवलं होतं. मी ती जुनी यादी उतरवून काढली, सगळी, खडशी माशासकट. त्याला वाहतं, नितळ पाणी लागतं, हे मला पाठ होतं. त्याचं चित्र इंटरनेटवरून उचललं. परीक्षक आले, प्रबंध हातात तोलला आणि जेवायला गेले.

फर्स्ट क्लास मिळाला. प्रबंध घेऊन मी मिरवत घाटावर गेले. मामांना वाचता येत नव्हतं. ते चित्रं बघत गेले आणि खडशीवर बोट ठेवून थांबले.

"ह्यो कवा घावला गं? तवा मी कुठं हुतो?"

मी म्हणाले, पुस्तकात आहे.

"मग पुस्तकातलं पाणी लय चांगलं हाय म्हणायचं."

एवढं बोलून ते जाळं झटकायला लागले. मळीपेक्षा जास्त किळस मला माझीच आली.

तो प्रबंध आज विभागाच्या कपाटात आहे, माझ्या नावानं. नदीला काही झालेलं नाही असं उद्या कुणाला दाखवायचं असेल, तर त्यातली दोन पानं पुरतील.