टॅबभाऊंची एक ओळ

टॅबभाऊंनी एखादा शब्द शेवटपर्यंत टाइप केलेला मी कधी पाहिला नाही. काळ्या पडद्यावर दोन अक्षरं लिहायची आणि टॅबचं बटन दाबायचं. फाइलीचं उरलेलं लांबलचक नाव संगणक आपणहून पुरं करायचा. "जितकं लागते तितकंच लिहाव, मॅडम. बाकीचं त्याले ठाऊक हाय," असं ते म्हणायचे. आमच्या संग्रामपूरच्या कॉलेजात ते संगणकाच्या खोलीवर मदतनीस होते. दरवर्षी जूनमध्ये त्यांचा करार नव्याने व्हायचा. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

त्यांचा डावा हात कोपरापासून नव्हता. वरवट बकालला घरच्याच कडबा कुट्टीच्या यंत्रात तो गेला. शेतीकाम सुटलं, तेव्हा चाळिशी गाठलेला हा माणूस संगणक शिकला. एका हाताने सायकल हाणत यायचे, खोली झाडायचे, वीसही संगणक सुरू करून ठेवायचे. कुणी हळहळलं की म्हणायचे, "एक गेला म्हून दुसऱ्यानं बसून राहाव काय?" कीव केलेली त्यांना खपत नसे.

मी पुण्याहून शिकून नुकतीच रुजू झाले होते आणि शिस्तीचं भूत माझ्या डोक्यावर बसलेलं होतं. इंग्रजी मोठं अक्षर आणि लहान अक्षर संगणक वेगळं मानतो, हे मी मुलांना घसा फोडून सांगायची. आणि टॅबभाऊंनी तर प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालून ठेवलेली! तिच्यामुळे टॅब दाबताना मोठ्या-लहानाचा भेदच राहत नसे. मुलांनी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असायचं, "मायनं जोरात हाक मारली काय अन् हळू मारली काय, येतो तर आपणच ना बे?"

एक दिवस एका मुलाने प्रोग्राममध्ये घोळ घातला आणि वर मलाच ऐकवलं, "भाऊ तर म्हणतेत, दोन्ही एकच." माझं डोकं फिरलं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वीसही संगणकांतून ती ओळ काढून टाकली. भाऊ त्या दिवशी रजेवर होते. त्यांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

परीक्षेच्या सकाळी प्रत्येक संगणकावर प्रश्नांची फाइल भाऊंनीच चढवायची होती. फाइलींची नावं मोठ्या अक्षरांनी सुरू होणारी. त्यांनी नेहमीप्रमाणे दोन लहान अक्षरं लिहिली, टॅब दाबलं. संगणक नुसताच टुक् करून थांबला. पुन्हा टॅब, पुन्हा टुक्. भाऊंनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग ते प्रत्येक संगणकावर ती अक्षरं मोठी काढून लिहू लागले. मोठं अक्षर काढायला एक बटन धरून दुसरं दाबावं लागतं, आणि ते एका पंजात बसवताना त्यांची बोटं चुकत होती. ती ओळ त्यांचा लाड नव्हता, त्यांचा दुसरा हात होता, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा पाऊण तास उशिरा सुरू झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर प्राचार्य म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? एका हाताच्या माणसाचं हे काम नाही." भाऊ खाली मान घालून उभे राहिले. 'सर, चूक माझी आहे,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझी नोकरी नवी होती. मी हजेरीचे कागद चाळत राहिले. जूनमध्ये भाऊंचा करार झाला नाही.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत मी वरवट बकालला गेले. भाऊंच्या दारात उभी राहिले. "भाऊ," म्हटलं ते माझं मलाच धड ऐकू आलं नाही. तरी ते बाहेर आले.

"या ना मॅडम. काऊन उभ्या राह्यल्या?"

चहा झाला. मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. पासवर्ड तुमच्यापाशी अन् माह्यापाशीच तर होता."

"मग तुम्ही ती ओळ परत का नाही टाकलीत? एका मिनिटाचं काम होतं."

"तुम्ही शिकवनाऱ्या. काढली तं काही कारन असन म्हटलं. तुमच्या पोट्ट्यायसमोर तुमचं कसं खोडू?"

मी उठले तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका."

मी लावून घेतलं. भाऊंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नवा संगणक हाती आला की मी सर्वांत आधी ती ओळ लिहिते. माझे दोन्ही हात धड आहेत, मला तिची गरज नाही. दोन लहान अक्षरं लिहून टॅब दाबते, नाव पुरं होऊन समोर येतं. भाऊंना मात्र आता कितीही मोठ्याने हाक मारली, तरी ते येणार नाहीत. आणि ज्या दिवशी त्यांच्यासाठी मोठ्याने बोलायचं होतं, त्या दिवशी मी गप्प होते.