आधी काय नको ते सांगा

“काय हवंय ते मागाहून बघू, काकी. आधी काय नको ते सांगा.”

एवढं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे, एक पाठकोरा कागद आडवा धरायचे आणि पट्टीबिट्टी न घेता त्यावर तीन रकाने आखायचे. रेघा वाकड्या यायच्या. त्याचं त्यांना काही नसे.

दादरच्या एका जुन्या ग्रंथालयात संदर्भ विभाग म्हणून एक कोपरा आहे, तिथे ते बसत. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आपण कपाटांकडे बघत राहतो आणि त्याच्याकडे बघायचं राहून जातं. माझं राहिलं नाही. मी जरा जास्तच बघितलं, कारण त्यांच्या समोरच्या खुर्चीवर माझ्याशिवाय दुसरं कुणी बसलेलं मला खपत नसे. हसू नका. माणूसच तसा होता.

मी लालबागची. आमचं मसाल्याचं कांडप आहे. लग्न होऊन आले ती मिरचीच्या खकाण्यातच आले. शाळा सातवीला सुटली होती. पुढचं जे काही शिकले ते गल्ल्यावर बसून, मिळेल ते वाचून. मशीन मुलाच्या हाती दिल्यावर डोक्यात आलं, की मुंबईतल्या घराघरांतल्या मसाल्यांवर एक पुस्तक लिहावं. कुणाकडे काय कुटतात, कधी कुटतात, त्याला काय म्हणतात. नात म्हणाली, “आजी, तुला माहितीये ते ठीक आहे गं, पण आधी कोणी काय लिहिलंय ते नको बघायला?” म्हणून गेले.

गेले आणि ऐटीत सांगितलं, मसाल्यावर असेल नसेल ते सगळं द्या. त्यांनी संगणकावर ‘मसाला’ एवढाच शब्द टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. सिनेमे काय, नट्यांची लग्नं काय, डोसे, चहा, कुठल्या कंपनीचा शेअर वर गेला ते. मी वाचता वाचता दमले. मी दमेपर्यंत ते थांबले आणि मग ते वाक्य म्हणाले. आधी काय नको ते सांगा.

मग मला सुरसुरी आली. सिनेमा नको, हॉटेल नको, तयार पाकिटं नकोत, चहा तर नकोच नको. नकोचा रकाना भरून गेला. मग मधल्या रकान्यासाठी विचारलं, मसाल्याला तुमच्याकडे आणखी काय म्हणतात? शेजारी काय म्हणतात? माहेरी? मी सांगत गेले: तिखट, संबार, काळा, गोडा, बुकणी. ते शाळेतल्या पोरासारखे उतरवून घेत होते. हा शब्द किंवा तो शब्द असलेलं सगळं दे आणि त्यातून अमुकतमुक वगळ, असं त्या संगणकाला सांगायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. एवढ्या रामायणातून तिसऱ्या, हवंच्या रकान्यासाठी दीडेक पान उरलं. पण ते दीड पान माझं होतं.

पुस्तक हाती आलं की ते शेवटून उघडायचे. लेखकाने कुठली पुस्तकं वाचली त्याची यादी मागे असते ना, ती आधी बघायचे, त्यातलं एखादं शोधायचे, मग त्याच्या मागची यादी. असं माग काढत जायचे. आणि एक नियम होता, हातात घेऊन पाहिल्याशिवाय यादीत नाव नाही. वडाळ्याच्या एका महिला मंडळाने मसाल्याची पुस्तिका काढली होती, असं मी कुठूनसं ऐकलं होतं. त्यांनी पेन्सिलीने लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. सुट्टीच्या दिवशी स्वतः वडाळ्याला जाऊन आले. म्हणाले, “पुस्तिका आहे, काकी. पण लोणच्याची आहे.” आणि रबर घेऊन खोडलं.

एकदा नको नको म्हणता म्हणता काहीच उरेना. मी म्हटलं, “भाऊ, चाळणी फार बारीक घेतलीत. मसाला वरच राहिला.” ते इतके हसले, की चष्मा नाकावरून खाली आला. तेव्हापासून आमच्यात तो शब्द रुळला. शोध अडला, की ते म्हणायचे, चाळणी बदलू या का? मला काय वाटायचं सांगू? मोठ्या माणसाने आपला शब्द उचलला, की माणूस चार बोटं वर चालतं. तसं.

त्यांना स्वतःला तिखट चालत नसे. डबा उघडला, की दहीभात. मी एकदा बरणीभर मसाला नेला, तर हात जोडले. टेबलावर कुणाकडून काही घेत नाही म्हणाले. मी म्हटलं, भीती पित्ताची आहे की नियमाची? म्हणाले, दोन्हीची.

आता तिच्याकडे येते. आल्याशिवाय चालायचं नाही.

फुलाफुलांचा फ्रॉक, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, हातात छत्री. गिरगावातल्या खोताच्या वाडीत राहायची, कुठल्याशा शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. ते तिला ‘मिस’ म्हणायचे आणि तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. मी जाऊन बघावं तर ही आपली बसलेली. मग मी भिंतीजवळच्या बाकावर दिवाळी अंक उघडून बसायची आणि पान उलटायला विसरायची. तिला वेळ जास्त देतात, हे मला दिसत होतं. तिच्याशी हसतात जास्त, हेही. एकदा मी तसं त्यांच्या तोंडावर बोललेसुद्धा. म्हणाले, “कामाला लागतो तेवढा वेळ लागतो, काकी.” हे काय उत्तर झालं?

आणि एक दिवस बाकावरून माझ्या कानांनी ऐकलं. मराठीत. “मिस, चाळणी फार बारीक झाली. मसाला वरच राहिला.”

माझी चाळणी. तिला दिली. वर ‘मसाला’ म्हणाले, म्हणजे तिचाही विषय तोच. ओल्या हाताने लवंगी मिरची हाताळावी तशी हातापायांची आग झाली. ती शिकलेली, इंग्रजी येणारी. तिचं पुस्तक आधी छापून आलं तर माझं कोण वाचणार? आयुष्यभर जमवलं होतं मी ते.

ती गेल्यावर मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, “भाऊ, ती बाई काय शोधते?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “शेजारच्या खुर्चीचं मला माहीत नसतं, काकी.”

खरा राग मला याचा आला, की ते बरोबर होते. आमच्या कांडपावर एवढ्या बायका येतात. कुणाची बेडगी मिरची किती, कुणाचं दगडफूल किती, कुणी धने ढकलून वजन वाढवलंय, सगळं डोळ्यांसमोर असतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. खालच्या मजल्यावरचीचं प्रमाण वरच्या मजल्यावरचीला कधी म्हणून मी सांगितलं नाही. आणि मीच त्या माणसाला बोलतं करायला बसले होते. माझ्याच धंद्याची रीत मला समोरून ऐकायला मिळाली, आता कुणाशी भांडणार?

माझी यादी चांगली वाढली. कोळ्यांचं मिळालं, मालवणी मिळालं, सोवळ्यातल्या गोड्या मसाल्याचंसुद्धा मिळालं. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती घरांचं पान मात्र रिकामं. त्यांनी सगळ्या चाळण्या लावून पाहिल्या. एके दिवशी पेन खाली ठेवून म्हणाले, “छापलेलं संपलं, काकी. आता माणूस लागेल.” आणि मग, “तुमचं नाव एका वाचकाला सांगितलं तर चालेल का? तुमच्यासारखंच काम चाललंय.”

मी विचारलं, बाई की पुरुष?

“तेही सांगता येत नाही.”

“फ्रॉक घालतात का, एवढं तरी सांगा.”

ते टोपण शोधायला लागले. टोपण पेनालाच होतं.

मी म्हटलं, “नाही भाऊ. नाही चालणार.”

“बरं,” म्हणाले. पुढचं पान उलटलं. परत कधी विषय काढला नाही.

म्हणजे उघड काढला नाही. निवृत्तीच्या थोडे दिवस आधी माझा पहिला कागद त्यांनी फायलीतून काढला आणि म्हणाले, “नकोचा रकाना परत एकदा बघा, काकी. नको जास्त झालं, की हवं तेही गळून जातं.” मी घरी जाऊन पुष्कळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी येऊन चहा काढून टाकला. म्हटलं, बघा बरं आता. चहाच्या जाहिरातींनी पडदा भरून गेला. त्यांनी कपाळाला हात तेवढा लावला.

निरोपाच्या दिवशी मी बरणी घेऊन गेले. घेणार नाहीत ठाऊक होतं, तरी नेली. माझ्या पुढे ती होती, फ्रॉक नवा. तिने टेबलावर एक काळपट काचेची बाटली ठेवली, गच्च भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. बाटलीतला मसाला, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून कुटून बाटल्यांत भरतात तो, तिच्या घरातला. शेजारी मी माझी बरणी ठेवली. त्यांनी बाटलीकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, मग आम्हा दोघींकडे. आता हात जोडतील म्हणून मी उभीच.

“आज टेबल माझं नाही,” म्हणाले. “आज चालेल.” आणि दोन्ही पिशवीत घातलं.

बाहेर पडून हिंदमाताच्या बाजूला बसच्या थांब्यावर आले, तर ही शेजारी. मी तोंड फिरवलं. तिने सरळ विचारलं, “तू लालबागची ना? मना पण विचारलेलं तेनी. तुझं नाव नाय सांगितलं हा. पण मी काय येडी हाय?”

मला वाटायचं हिला इंग्रजीच येतं. हिची मराठी तर माझ्यापेक्षा जुन्या मुंबईची. आणि सगळ्यांना तूच म्हणते.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

“‘नाय’ म्हणून सांगितलं. ती हिरव्या साडीतली बाकावर बसून सगळा ऐकते, तिला कशाला देऊ?”

बस आली आणि गेली. आम्ही हसत होतो. म्हणजे बघा, तिच्या यादीत माझं पान रिकामं, माझ्या यादीत तिचं, आणि मधे तो माणूस दोघींची दोन ‘नाही’ घेऊन गप्प बसलेला. किती जड गेलं असेल त्यांना. आमच्या कांडपावर निदान मशीनचा आवाज तरी असतो.

हसून झाल्यावर माझ्या डोक्यात भलतंच आलं. मी विचारलं, तुम्हाला कधी विचारलं त्यांनी?

“नाताळाच्या आधी.”

मला शिमग्याला विचारलं होतं.

आता आमची यादी एकच आहे. ती बुधवारी येते, मी भाजते, ती लिहिते. प्रमाण तिने मला सांगितलेलं नाही, मीही तिला सांगितलेलं नाही. पण ते नाताळाचं काही माझ्या मनातून जाईना. निवृत्तीनंतर ते गावी राहायला गेले होते, शेवटी मी तिथे फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, भाऊ, आधी माझं नाव सुचलं होतं की तिचं?

“काकी,” म्हणाले, “शेजारच्या खुर्चीचं मला माहीत नसतं.”

मग त्यांच्या बायकोने फोन घेतला. मला म्हणाली, काय गंमत आहे बघा, सकाळीच खोताच्या वाडीच्या बाईंचा फोन येऊन गेला, त्याही हेच विचारत होत्या. म्हणजे इथेही तीच आधी.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी दुकानात होते. मिरचीचा हंगाम संपलेला, मशीन बंद. ती भिजत आली. बुधवार नव्हता. छत्री हातात होती, उघडलेली नव्हती. उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलंय आणि मला अजून काय कळायचंय, ते तिच्या तोंडावर दिसलं. भाऊ गेल्याचा फोन त्यांच्या गावाहून तिला आला होता. मला नाही.

फोनवर सांगता आलं असतं तिला. गिरगावातून एवढ्या पावसात ती चालत का आली, ते मी विचारलं नाही.

ह्या एका बाबतीत ती पुढे गेली, त्याचा मला हेवा वाटला नाही. मी गल्ल्यावरून उठले आणि माझ्या शेजारची खुर्ची पुसून तिच्याकडे सरकवली.