सात घरांचा बांध

गाव म्हणजे काय हे साऱ्या वसई तालुक्यात एकाच माणसाला नीट कळलं होतं, आणि तो माणूस आमच्या इमारतीमागे राहत होता. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'काका' म्हणायचो. इमारतीच्या मागे खाडीच्या बाजूला सात घरांचा एक पाडा होता. सरकारदरबारी त्याला कुणी गाव म्हणत नसे. तिथल्या लोकांच्या रेशनकार्डावर शेजारच्या मोठ्या गावाचं नाव आणि मतदारयादीत तिसऱ्याच गावाचं. शाळा नाही, एस.टी.चा थांबा नाही. पण पाड्याला त्यांच्या पूर्वजांनी घातलेला मातीचा एक लांबलचक बांध होता. खाडीचं खारं पाणी त्याने अडवायचं आणि आत भात पिकायचं. पाणी एकदा आत शिरलं की तीन-चार वर्षं त्या जमिनीत दाणा येत नाही. म्हणून बांधाचे सात वाटे पाडलेले होते, घरटी एक, आणि दर वैशाखात ज्याने त्याने आपला वाटा दुरुस्त करायचा. "एक बांध राखतात ते एक गाव," काका म्हणायचे, "बाकीचे निस्ते शेजारी!"

नव्वदीच्या दशकात आम्ही तिथे फ्लॅट घेतला आणि पहिल्याच वैशाखात काका दारात उभे राहिले. कमरेला पंचा, खांद्यावर फावडं. मी सोसायटीचा नवाकोरा सेक्रेटरी. मला वाटलं, कामाच्या शोधात आले असतील. ते म्हणाले, "चला, ओहोटी लागली. तुमचा वाटा पडलाय." मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, की आमची इमारत उभी आहे ती जागा सातांतल्या एका घराची. जमीन घेतली, तर तिच्यासोबत वाटाही आला. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये गच्ची होती, पार्किंग होतं, पण बांध कुठेच नव्हता. मी म्हटलं, "काका, आम्ही चोवीस कुटुंबं आहोत. कोणी यायचं?" काकांनी वर बघितलं. "पान्याची टाकी एकच ना? मंग घर एकच. मानूस एक द्या." चोवीस घरांतून तो एक माणूस कोण ठरला असेल, हे सांगायला नकोच.

काकांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. त्यांना घड्याळ ठाऊक नव्हतं, भरती-ओहोटी ठाऊक होती. सोसायटीच्या पूजेला चार वाजता बोलावलं तर पाणी उतरल्यावर, म्हणजे सव्वासहाला आले, आणि वर आम्हीच लवकर उरकल्याबद्दल रागावले. पूर्व-पश्चिम त्यांना मान्य नव्हती. जगात दोनच दिशा, एक खाडीकडची आणि एक डोंगराकडची. एकदा माझ्या बायकोला त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "सायबाच्या सदऱ्याचं खाडीकडचं बटन तुटलंय." पाण्याची पारख तर जिभेवर. आमच्या बोअरिंगचं पाणी चाखून म्हणाले, "आजून दोन वर्सं थांबा, आमटीत मीठ घालाया नको." आम्ही हसलो. दोन वर्षांनी सोसायटीने टँकर लावला, तेव्हा कुणी हसलं नाही.

बांधावर मात्र या माणसाची चेष्टा करायची माझी हिंमत नव्हती. तिथे ते देवळात उभे असल्यासारखे असायचे. मला त्यांनी खेकड्यांची बिळं शोधायला शिकवलं. काठी टोचायची, पोकळ लागलं की ओला चिखल कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. "बांध लाटेनं फुटत नाय सायेब, बिलानं फुटतो." कुठल्या वाट्यावर कुणाच्या आजीने नवरा तापात पडलेला असताना एकटीने माती टाकली, कुठे दोन भाऊ वर्षभर बोलत नसूनही एकमेकांच्या हाती ढेकळं देत होते, हे सगळं तिथेच ऐकलं. पाड्याचा इतिहास कुठे लिहिलेला नव्हता. तो असा हातभर-हातभर मातीत होता.

हळूहळू एकेक घर उठलं. कोणी आचोळ्याला फ्लॅट घेतला, कोणी जमीन विकून धंद्यात पडलं. बांधाच्या आत पिकणारं शेत शेवटी एकट्या काकांचंच उरलं. त्या वर्षी बांधावर आम्ही दोघंच होतो. काकांना खोकला होता, अंगात कसकस होती. तरी चार दिवसांत त्यांनी आधी आमचा वाटा केला, मग गेलेल्या पाच घरांचे पाच वाटे. स्वतःचा शेवटी ठेवला. मी म्हटलं, "हाही आज उरकू." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरचाच हाय, उद्या करीन." माझी कंबर मोडली होती. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काका तापाने फणफणले आणि मुलाने त्यांना दवाखान्यात नेलं. दुखणं लांबलं आणि काका महिना उलटला तरी तिथेच होते. त्यांचा वाटा तसाच राहिला आणि पावसाळा लागला. आषाढातल्या अवसेच्या उधाणाला बांध फुटला, नेमका काकांच्याच वाट्यावर. सकाळी शेतात गुडघाभर खारं पाणी होतं आणि मुलाने नुकतीच लावलेली रोपं त्याच्यावर तरंगत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काका घरी आले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बांधापर्यंत चालत गेले. मी आधीच तिथे उभा होतो. ते शेताकडे फार वेळ बघत राहिले नाहीत. म्हणाले, "बाकीचे सा टिकले ना?"

"टिकले, काका."

"मंग गावाची अब्रू ऱ्हायली," ते म्हणाले आणि मागे वळले.

त्या शेतात पुन्हा भात पिकलं नाही. दोन वर्षांनी काकाही गेले. पाड्यातली झाडून सारी माणसं आली होती, पार आचोळ्याहूनसुद्धा. त्यांच्यात उभं राहताना मला परकं वाटलं नाही. पण बांधाच्या शेवटच्या वाट्याची गोष्ट निघाली, तेव्हा मी मान खाली घातली. काका तापात पडले त्या दिवशी मला सुट्टी होती. मी दिवसभर घरी झोपून होतो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.